सारनाथचा विहार आणि होनोलुलूची जमीनदारीण : मेरी फॉस्टर

सारनाथला जाऊन आलेल्या आपल्या तरुणांना मूलगंधकुटी विहाराचे वर्णन सांगावे लागत नाही. आतल्या भिंतींवर जपानी चित्रकार कोसेत्सु नोसू यांनी रंगवलेले तथागतांचे जीवन सगळ्यांनी पाहिलेले असते आणि फोटोही काढलेले असतात. पण हा विहार कोणाच्या पैशातून उभा राहिला असे विचारले, तर बहुतेक जण अनागारिक धम्मपालांचे नाव घेतात आणि तिथेच थांबतात. उत्तर चूक नाही, अपुरे आहे. धम्मपाल आयुष्यभर झोळी घेऊन जगभर फिरले. त्या झोळीत सर्वात जास्त ज्यांनी टाकले त्या मेरी फॉस्टर नावाच्या एक बाई होत्या. राहणाऱ्या प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांच्या, होनोलुलू शहराच्या. आणि त्या मोठ्या जमीनदार होत्या.

जमीनदार या शब्दापाशी आपण अडखळतो, आणि अडखळायलाच हवे. आपल्या घरात पूर्वजांचा विषय निघाला की जमिनीच्या गोष्टी फार वेळ चालत नाहीत. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांचे नाव नसते. असलेच तर ते महार वतनाच्या तुकड्यावर, म्हणजे गावकीची चोवीस तासांची चाकरी करायची आणि बदल्यात चतकोर रान कसायचे. त्या वतनातून माणसे सोडवायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले, खोती मोडायला १९३७ साली दुसरे आणले. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झाले. ज्या चळवळीचा इतिहास असा, तिने एका जमीनदारणीला आपल्या पूर्वजांत मोजावे का? आम्हाला वाटते, मोजावे. पण मोजताना त्यांच्या दानाबरोबर त्यांची जमीनही मोजावी. म्हणून हा लेख.

मेरी यांचा जन्म १८४४ साली होनोलुलूत झाला. वडील जेम्स रॉबिन्सन हे इंग्लंडचे, जहाजावरचे सुतार. १८२२ साली त्यांच्या मोहिमेतली ‘हर्मिस’ आणि ‘पर्ल’ ही व्हेलच्या शिकारीची दोन्ही जहाजे हवाईच्या वायव्येला प्रवाळाच्या खडकांवर फुटली. वाचलेल्या खलाशांनी फुटक्या जहाजांच्या लाकडातून लहान गलबत बांधायला घेतले आणि त्यातून रॉबिन्सन होनोलुलूला पोचले. तिथल्या बंदरात त्यांनी जहाजदुरुस्तीचा कारखाना टाकला. व्हेलच्या शिकारीचे ते दिवस. प्रशांत महासागरातले प्रत्येक जहाज डागडुजीला होनोलुलूत लागायचे. हातात हत्यारे घेऊन आलेला सुतार बघता बघता शहरातल्या श्रीमंतांत जाऊन बसला.

आई रेबेका या मिश्र रक्ताच्या, हवाईच्या सरदार घराण्याशी नाते सांगणाऱ्या. हवाईच्या भाषेत या सरदारांना अलीई म्हणतात. म्हणजे मेरीच्या अंगात दोन्ही रक्ते होती, बेटावर येऊन पैसा करणाऱ्या गोऱ्याचे आणि बेट ज्यांचे होते त्यांचे. पुढच्या आयुष्यात ही दोन रक्ते एकमेकांशी भांडत राहिली असे आम्हाला दिसते.

मेरी चार वर्षांच्या असताना त्यांच्या देशात जी गोष्ट घडली ती समजून घेतल्याशिवाय त्यांची जमीन समजणार नाही. तोवर हवाईत जमीन कोणाच्या मालकीची नव्हती. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत उतरणारी एकेक खोऱ्याची पट्टी असे. तिला आहुपुआआ म्हणतात. वर लाकूड, मध्ये तारोची शेती, खाली मासे. सरदार तिचा कारभार बघत, रयत कष्ट करी आणि वरचा वाटाही देई. समतेचे राज्य ते नव्हतेच. पण पट्टीतल्या माणसाला पाणी, लाकूड, मासे यांवर हक्क होता आणि जमीन बाजारात विकता येत नव्हती. १८४८ साली ‘महेले’ म्हणजे वाटणी झाली. राजा, सरदार आणि सरकार यांच्यात जमीन कागदावर वाटली गेली. १८५० पासून परदेशी माणसालाही जमीन विकत घेता येऊ लागली. सामान्य रयतेने अर्ज केले, साक्षी दिल्या, मोजणीचे पैसे भरले, आणि शेवटी तिच्या हातात आली ती एकूण जमिनीच्या शंभरातला एक भागही नाही. कोकणातल्या ज्यांच्या घरात खोताच्या गोष्टी अजून निघतात, त्यांना हे अधिक फोड करून सांगायला नको.

मग ऊस आला. उसासाठी चीन, जपान, पोर्तुगालहून मजूर आले. साथीच्या रोगांनी मूळ हवाईयन माणसे आधीच झपाट्याने मरत होती. १८९० च्या शिरगणतीत मिश्र रक्ताचे धरूनही ती चाळीस हजारांच्या आसपास उरली होती.

मेरींचे लग्न १८६१ साली, सोळा-सतरा वर्षांच्या वयात, थॉमस फॉस्टर यांच्याशी झाले. ते मूळचे कॅनडाकडचे, धंदा जहाजांचा. बेटाबेटांत वाहतूक करणारी आगबोट कंपनी त्यांनी पुढे उभी केली. मूल झाले नाही. १८८४ साली या जोडप्याने होनोलुलूच्या नूआनू भागात विल्यम हिलेब्रँड या जर्मन डॉक्टरची बाग घेतली. हिलेब्रँड हे नावाजलेले वनस्पतीशास्त्रज्ञ, त्यांनी १८५० च्या दशकापासून तिथे जगभरची झाडे लावली होती. पाच वर्षांत, १८८९ साली, थॉमस वारले. वडिलांचा वारसा आणि नवऱ्याची मिळकत असे दोन्ही आता पंचेचाळीस वर्षांच्या या विधवेच्या हाती होते. मिळकत त्यांनी नुसती सांभाळली नाही, वाढवली. जमिनी विकत घेतल्या. त्यांतल्या एका जमिनीकडे आपण शेवटी येऊ.

त्यांचा स्वभाव तापट होता. दुःख मोठे, पैसा मोठा आणि मनाला स्वस्थता नाही. त्या काळात शिकलेल्या श्रीमंतांत थिऑसॉफीचे वारे होते. चर्चमध्ये समाधान न मिळणारे अनेक जण तिकडे वळत, फॉस्टरबाईही वळल्या. त्यातच १८९३ साल उजाडले. जानेवारीत साखरेच्या बागायतदारांनी आणि धंदेवाल्या गोऱ्यांनी अमेरिकेच्या युद्धनौकेवरून उतरलेल्या सैनिकांच्या आडोशाने राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवली. फॉस्टरबाईंचे माहेर राणीच्या बाजूचे. भाऊ मार्क रॉबिन्सन राणीच्या मंत्रिमंडळात होते, धाकटी बहीण व्हिक्टोरिया वॉर्ड तर कट्टर राणीनिष्ठ. ज्या व्यवस्थेने हे घराणे श्रीमंत केले, त्याच व्यवस्थेच्या पुढच्या पावलाने त्यांचा देश गिळला. १८९५ साली राणीला तिच्याच राजवाड्यात कैद झाली आणि १८९८ साली हवाई अमेरिकेला जोडले गेले.

राणीची सत्ता गेली त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, होनोलुलू बंदरात ‘ओशनिक’ नावाची बोट लागली. शिकागोची सर्वधर्म परिषद आटोपून अनागारिक धम्मपाल जपानच्या वाटेने परत निघाले होते. वय अवघे एकोणतीस. बोटीवर त्यांना भेटायला थोडे थिऑसॉफिस्ट आले, त्यांत फॉस्टरबाई होत्या, वय एकोणपन्नास. ही भेट लहान होती. बाईंनी मोक्ष किंवा परलोक असले काही विचारले नाही. आपल्याला राग आवरत नाही, काय करावे, असे विचारले. धम्मपालांनी त्यांना राग ओळखायला, त्यावर लक्ष ठेवायला आणि चांगले वागण्याचा निश्चय पुन्हा पुन्हा करायला सांगितले. बोट सुटली. प्रश्न घरगुती, उत्तर साधे. आम्हाला ही भेट आवडते ती त्यामुळेच. तथागतांनी पूजापाठ नव्हे तर मनाचे प्रशिक्षण सांगितले, हे आपण भाषणात सांगतो. इथे एका रागीट बाईने ते खरोखर करून पाहिले, उपयोग झाला आणि त्यांनी तो माणूस लक्षात ठेवला.

धम्मपालांना त्या वेळी पैशाची किती गरज होती ते पाहू. जानेवारी १८९१ मध्ये ते बोधगयेला आले, महाबोधी महाविहाराची दैना पाहिली आणि तिथेच ठाण मांडले. त्याच वर्षी कोलंबोत महाबोधी सोसायटी स्थापन झाली. पण महाविहार ज्या शैव महंताच्या ताब्यात होता तो नुसता मठाधिपती नव्हता, गया जिल्ह्यातला बडा जमीनदार होता. हजारो एकर जमीन, लठैत, वकील, सरकारदरबारी वजन. १८९५ साली धम्मपालांनी जपानहून आलेली बुद्धमूर्ती महाविहारात बसवायचा प्रयत्न केला तेव्हा महंताच्या माणसांनी ती उचलून बाहेर काढली. मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या आणि वर्षानुवर्षे चालल्या. महाबोधी मुक्तीची लढाई आजही रस्त्यावर आहे, १९४९ च्या कायद्याने व्यवस्थापन मिश्र समितीकडे गेले आणि प्रश्न तसाच राहिला, हे वाचकांना माहीत आहे. पण लढाईच्या मुळाशी जमीन होती, हे विसरले जाते. याच मठाच्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीनांनी १९७८ पासून बोधगयेत भूमी आंदोलन केले, लाठ्या-गोळ्या सोसल्या, आणि त्यातून पुढे बायकांच्याही नावावर जमिनी झाल्या. महाविहारासाठी लढणाऱ्यांनी या मजुरांची आणि त्यांच्या बायकांची आठवण मंचावरून काढलेली आम्ही फारशी ऐकत नाही.

तर असा सामना होता. एका बाजूला जमिनीच्या जोरावर बसलेला महंत, दुसऱ्या बाजूला झोळीवाला अनागारिक. आणि होनोलुलूहून पैसे येऊ लागले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला धम्मपालांनी सारनाथला कामाला हात घातला, तेव्हा फॉस्टरबाईंनी मदत पाठवली. पुढे हा ओघ थांबला नाही. १९१३ साली धम्मपाल खास त्यांचे आभार मानायला होनोलुलूला गेले. त्या भेटीत कोलंबोत मोफत दवाखान्यासाठी बाईंनी मोठी रक्कम दिली. दवाखान्याला नाव मिळाले फॉस्टर रॉबिन्सन, म्हणजे जहाजसुताराचे नाव सिंहली रुग्णांच्या तोंडी बसले. १९१५ च्या सिलोनमधल्या दंगलींनंतर इंग्रज सरकारने धम्मपालांना कलकत्त्यात स्थानबद्ध केले. सरकारच्या रोषातल्या माणसापासून दाते दूर जातात, बाई गेल्या नाहीत. १९२० साली कलकत्त्याच्या कॉलेज स्क्वेअरमध्ये धर्मराजिक विहार उघडला, तोही मुख्यतः त्यांच्या दानावर. १९२६ साली लंडनमध्ये ब्रिटिश महाबोधी सोसायटी निघाली. तिच्या घराला फॉस्टर हाऊस हे नाव मिळाले. खुद्द होनोलुलूत उसाच्या मळ्यांवरच्या जपानी मजुरांचे बौद्ध धर्मगुरू येम्यो इमामुरा यांच्या होंगवानजी संघालाही त्यांनी जमीन दिली आणि पैसा दिला. मळेवाल्या मिशनऱ्यांच्या गावात मजुरांच्या धर्माला जागा देणे, आणि तेही गावातल्या प्रतिष्ठित बाईने, हे तिथल्या गोऱ्या मंडळींना रुचणारे नव्हते.

धम्मपाल त्यांची तुलना विशाखेशी करत. अनाथपिंडिकाचीही आठवण इथे येणारच. जेतवनासाठी त्याने जमिनीवर नाणी अंथरली ही कथा आपण लहान मुलांना सांगतो. श्रेष्ठींच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विहारांत सुनीत भंगी आणि उपाली न्हावीही संघात बरोबरीने बसले, हे त्या कथेच्या पुढचे महत्त्वाचे पान. पैसा कोणाचा यापेक्षा जागेत कोणाला जागा मिळाली यावरून त्या दानाची परीक्षा झाली. फॉस्टरबाईंच्या दानाचीही अशीच करू.

महाबोधी सोसायटीच्या बाबतीत ही परीक्षा सोपी नाही. धम्मपालांच्या काळात भारतातला तिचा वावर कलकत्त्याच्या भद्रलोकात राहिला, अध्यक्ष म्हणून बंगाली ब्राह्मण पुढारी घेतले गेले. बाबासाहेबांना हे मुळीच पसंत नव्हते, आणि बौद्ध संस्थेचा अध्यक्ष ब्राह्मण कसा, असे त्यांनी संघरक्षितांना पहिल्याच भेटीत ऐकवले होते. फॉस्टरबाईंच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विहारांत बरीच वर्षे आपला माणूस दारापर्यंतही पोचला नव्हता, हे खरे आहे.

पण पुढचेही खरे आहे. बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य यावरचा बाबासाहेबांचा प्रसिद्ध लेख १९५० साली छापला गेला तो महाबोधी सोसायटीच्याच मासिकात. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात सोसायटीचे सरचिटणीस आणि धम्मपालांचे शिष्य देवप्रिय वलिसिंह हजर होते. नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद करून परतताना बाबासाहेब सारनाथला गेले. प्रकृती पार ढासळलेली, महापरिनिर्वाणाला दोन आठवडेही उरले नव्हते. त्यांना सारनाथला फक्त भग्न स्तूप दिसले नाहीत. तिथे एक उभा, नांदता विहार होता. तो ११ नोव्हेंबर १९३१ ला उघडला होता.

त्या दिवशी फॉस्टरबाई हयात नव्हत्या. डिसेंबर १९३० मध्ये, ८६ व्या वर्षी, होनोलुलूत त्यांचे निधन झाले. विहार त्यांनी पाहिला नाही. धम्मपालांनी मात्र पाहिला, १९३३ च्या जानेवारीत तिथे भिक्खू म्हणून उपसंपदा घेतली आणि एप्रिलमध्ये तिथेच देह ठेवला. नूआनूची बाग बाईंनी मृत्युपत्राने शहराला दिली, ती कायम सार्वजनिक बाग राहावी या अटीवर. तिथे धम्मपालांनी १९१३ साली नेलेले अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचे रोप वाढून मोठा पिंपळ झाला आहे.

नागपूरला बाबासाहेबांनी धम्मासाठी प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग द्यावा असे सांगितले होते. आपल्याकडे फॉस्टरबाई नव्हती. गिरणी कामगाराच्या, वीटभट्टीवाल्याच्या, शिक्षकाच्या वर्गणीतून वस्तीवस्तीत विहार उठले. त्यांचा हिशेब वहीत असतो आणि वही मागितली की भांडण होते, हा वेगळा विषय. पण त्या पैशाच्या मुळाशी कोणाची जमीन होती, हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही. फॉस्टरबाईंच्या बाबतीत तो विचारावा लागतो.

आता ती जमीन. ओआहू बेटाच्या वाऱ्याकडच्या किनाऱ्यावर काहाना नावाचे खोरे आहे. भरपूर पाऊस, डोंगर, मधून नदी, खाली खाडी. महेलेत ते एका सरदारणीच्या नावावर गेले, मग एका व्यापाऱ्याकडे. १८७४ च्या सुमारास खोऱ्यात राहणाऱ्या हवाईयन कुटुंबांनी एकत्र येऊन, वर्गणी काढून, आपलेच खोरे हिश्शाहिश्शाने विकत घेतले. सहकारी संस्थेसारखेच म्हणा. कागदाच्या राज्यात जुनी पट्टी टिकवायचा तो एक शहाणपणाचा प्रयत्न होता. पण हिस्सा म्हटला की तो विकता येतो. कोणाला कर्ज, कोणाकडे मयत, कोणाचा पोरगा शहरात. हिस्से एकेक करून बाजारात आले आणि फॉस्टरबाईंनी ते एकेक करून घेतले. त्यांच्या अखेरच्या काळापर्यंत खोऱ्याचा बहुतेक भाग त्यांच्या नावावर होता. कुटुंबे राहत होती तिथेच राहिली, फक्त आता कुळे म्हणून.

त्यांनी हे खोरे बाहेरच्या साखर कंपन्यांच्या घशात जाऊ नये म्हणून घेतले, की मालमत्ता म्हणून घेतले, यावर तर्क करत बसण्यात अर्थ नाही. आईकडचे रक्त आणि वडिलांकडचे रक्त दोन्ही त्या व्यवहारात असतील. कुळांना हाकलले नाही हे त्यांच्या बाजूने. ज्यांच्याकडून हिस्से घेतले त्यांच्या मुलांना ते परत मिळाले नाहीत हे त्यांच्या विरोधात. सारनाथ, कोलंबो, कलकत्ता, लंडन इथपर्यंत पोचलेला हात काहानाच्या माणसांपर्यंत त्या रीतीने पोचला नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस हवाई राज्य सरकारने त्यांच्या वारसा-मिळकतीकडून हे खोरे सार्वजनिक उद्यानासाठी विकत घेतले. उद्यान म्हटले की माणसे उठवायची, हे सरकारी शहाणपण तिथेही होते. खोऱ्यातली कुटुंबे हटायला तयार झाली नाहीत. बरीच वर्षे झगडा चालला. शेवटी त्यांना घरांसाठी लांब मुदतीचे भाडेपट्टे मिळाले. त्या बदल्यात प्रत्येक कुटुंबाने दरमहा ठरावीक तास उद्यानाचे काम करायचे, आलेल्या पाहुण्यांना हवाईयन जीवन दाखवायचे, तारोचे वाफे आणि माशांचे तळे सांभाळायचे, अशी अट आहे. आजोबांनी वर्गणी काढून विकत घेतलेल्या खोऱ्यात नातवंडे अशी राहतात.